कूस

लखनौस बदलून आलेल्या मराठी माणसाची दोन गोष्टींशी लवकर ओळख होते. एक मलिहाबादचा दशेरी आंबा आणि दुसरी ‘पहले आप’ ही म्हण होऊन बसलेली अदब. हापूसच्या अभिमानापायी पहिलीला आपण मनापासून दाद देत नाही, आणि फायलींच्या घाईपायी दुसरी आपल्या अंगी लागत नाही. या दोहोंचा अर्थ आम्हांला जेथे उमगला, ते घर आमच्या कचेरीतील एका शिपायाचे.

त्याचा एकवीस वर्षांचा थोरला मुलगा जून महिन्यात मलिहाबादकडील एका बागेत आंबे उतरविण्याच्या कामावर होता. फांदी मोडली आणि तो पाठीवर पडला. सोबत्यांनी प्रेमाने, पण अजाणतेपणी, हातापायांस धरून त्याला उचलले व ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातले. अशा वेळी मान आणि पाठ जराही वाकू न देता माणसाला ओंडक्यासारखा एकसंध वळवून फळीवर घ्यावयाचा असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. खरे म्हणजे आम्हांलाही ते ठाऊक नव्हते. इजा पडताना किती झाली आणि उचलताना किती, याचा हिशेब आता लागावयाचा नाही. मुलाचे कमरेखालचे अंग गेले, एवढे खरे. पुढे वाचनात आले की, मज्जारज्जूच्या इजेच्या कारणांत आपल्याकडील अनेक रुग्णालयांच्या पाहण्यांतून पहिला क्रमांक उंचावरून पडण्याचा लागतो. झाड, कठडा नसलेली गच्ची, बांधकामाचा बांबू ही आपली गरिबांची अपघातस्थळे.

शस्त्रक्रिया झाली, मणके जुळले. रज्जू मात्र जुळत नाही. मग सुरू होते ते पुनर्वसन. १९११ पासून चालत आलेल्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाचे आता विद्यापीठ झाले आहे. त्याच्या पुनर्वसन विभागाला लखनौकर अजूनही ‘लिंब सेंटर’ म्हणतात. शिपायाबरोबर आम्ही तेथे दोनचारदा गेलो आणि एका नव्याच विद्येची तोंडओळख झाली. जिला संवेदना नाही ती त्वचा तक्रार करीत नाही. म्हणून निजलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी पालटावी लागते, नाहीतर शय्याव्रण होतात. मूत्राशय भरल्याची जाणीव होत नाही. म्हणून चारसहा तासांनी नळीने ते रिकामे करावे लागते. यात चमत्कार कोठेच नाही. आहे ते घड्याळ.

पण या घड्याळाने केवढी क्रांती केली! दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण व्रणांनी नाहीतर मूत्रमार्गाच्या दोषाने थोड्याच काळात दगावत. जर्मनीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे कूस पालटण्याचा नियम रात्रंदिवस पाळावयास लावला, आणि माणसे जगू लागली. १९४८ साली लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले, त्याच दिवशी त्यांनी चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जणांच्या हाती धनुष्ये दिली. त्याच प्रवाहात १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेले आपले जवान मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्याचे सुवर्णपदक जिंकते झाले. अमेरिकेतील डॉ. लॅपिडिस यांनी १९७२ सालीच दाखवून दिले की, नळी निर्जंतुक नसली तरी चालते, स्वच्छ असली की पुरे. त्या एका शोधाने रुग्णालयाची चौकट ओलांडून हे उपचार घरात आले. आपल्याकडे मुंबईस हाजी अलीची संस्था १९५५ मध्ये, खडकीचे जवानांसाठीचे केंद्र १९७४ मध्ये उभे राहिले; कोल्हापुरात स्वतः खुर्चीत बसून नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू केली.

हे सारे वाचून आमचा उत्साह दुणावला. कचेरीत वर्गणी काढली, चाकाची खुर्ची आणविली आणि मोठ्या समारंभाने ती शिपायाच्या घरी पोचविली. महिन्याभराने गेलो तो खुर्ची गल्लीत उभी, आणि तिच्यावर कपडे वाळत घातलेले! दार अरुंद, उंबरा वीतभर उंच. अधिकारी म्हणून आम्ही आजवर किती इमारतींचे नकाशे तपासले असतील. या एका दाराचे माप घेण्याचे आम्हांला सुचले नव्हते.

त्या दिवशी आमची सौभाग्यवती बरोबर होती. आम्ही मुलाची विचारपूस करीत असता तिने त्याच्या आईला सहज विचारले, “आप कब सोती हैं?” बाई गोंधळली. तीन महिन्यांत डॉक्टरांनी, नातेवाइकांनी आणि साहेबांनी मिळून तिला शेकडो प्रश्न विचारले होते. ते सारे मुलाचे होते. हळूहळू कळले की, बारा वाजता, दोन वाजता, चार वाजता मोबाइलचा गजर लावून तीच एकटी उठते. आता तिची स्वतःचीच पाठ धरली होती. ते तिने कोणास सांगितले नव्हते.

शुश्रूषा करणाराचा भार मोजण्याची एक प्रश्नावली झरिट नावाच्या शास्त्रज्ञाने १९८० साली प्रथम वृद्धांच्या संदर्भात तयार केली. आज तिच्यात बावीस प्रश्न असतात, आणि मज्जारज्जूच्या रुग्णांच्या घरांतही ती विचारली जाते. आम्ही तिच्यातला एक प्रश्न हिंदीत करून बाईंना विचारून पाहिला. उत्तर आले, “बेटा है साहब, बोझ कैसा?” कागदावर याचा गुण शून्य पडेल. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे कोणत्या रकान्यात मांडावयाची? आपल्याकडे ही सेवा आईच्या वा पत्नीच्या धर्मात जमा असते; म्हणून तिचा हिशेब ठेवण्याची कोणास गरज वाटली नाही. ‘काळजीवाहक’ हा शब्दही आपल्या भाषेत नवाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याची व्याख्या केली आणि अधिक आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख केला, हे त्या दिशेचे पहिले पाऊल.

मग आम्ही कमी बोललो आणि थोडे काम केले. गवंडी लावून उंबरा काढला, दार रुंद केले, पुढे उतार बांधला. रात्रीची पाळी शिपायाने आणि धाकट्या मुलाने वाटून घेतली. कूस कशी पालटावी ते दोघांनी केंद्रात जाऊन शिकून घेतले. खाटेला बांधलेल्या दोरीच्या आधाराने वळावयास आणि नळी स्वतः घालावयास मुलगा शिकला. आता तो खुर्चीत बसून मोबाइल दुरुस्त करतो. मधूनच हातांवर भार देऊन अंग उचलतो. त्वचेला विसावा मिळावा म्हणून.

सत्य सांगावयाचे तर आम्ही त्या घरी एकही रात्र जागलो नाही. आमची खुर्ची वर्गणीची होती. त्यांचे जागरण मात्र पदरचे होते. आता बदलीचा हुकूम हाती आहे. बदलीच्या धन्याला गाव सोडताना वाटते की, आपण येथील पुष्कळ कामे मार्गी लावली. या घरापुरते आम्हांला तसे वाटत नाही. तेथील काम रोजचे आहे आणि ते त्यांनाच करावयाचे आहे.

आपल्या भाषेत ‘कूस’ हा शब्द आईच्या उदराला आहे आणि निजलेल्या माणसाच्या अंगालाही. निरोप घ्यावयास गेलो तेव्हा सौभाग्यवतीने बाईंना पुन्हा तोच प्रश्न केला. बाई या वेळी गोंधळल्या नाहीत. पदर सावरून किंचित लाजत म्हणाल्या, “कल रात पाँच घंटे सोयी, बहनजी. आँख ही नहीं खुली.” आणि एवढे सांगून त्यांनी आमच्यापुढे दशेरीची बशी सरकविली. त्यांनी आधी घ्यावा, असा आग्रह आम्ही धरला. त्या घरात त्यांनी आजवर सर्वांना ‘पहले आप’ म्हटले होते; त्या दिवशी तो मान आम्ही त्यांना दिला.