उतरणीचा हिशेब

कळसूबाई चढताना दम लागतो, पण मांड्यांची खरी परीक्षा होते ती उतरताना. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. १,६४६ मीटर उंचीचं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आमचा नाशिकचा पन्नाशीच्या आसपासच्या बायकांचा गट, आणि बारी गावातून पहाटे केलेली सुरुवात. वर जाताना मी दर वळणावर धापा टाकत होते. लोखंडी शिड्यांवर तर बोलणंच बंद. देवीचं दर्शन झालं, डबे उघडले, आणि खाली निघाल्यावर वाटलं, संपलं आता. श्वास अगदी शांत, गप्पा रंगलेल्या. पण शेवटची शिडी उतरून सपाट जागी उभी राहिले, तर दोन्ही मांड्या आपोआप थरथरत होत्या. हाताने दाबून धरल्या तरी थांबेनात.

दुसऱ्या दिवशी पाय जड होते, एवढंच. तिसऱ्या दिवशी मात्र आमच्या बँकेच्या जिन्यावरून मी कठडा धरून, उलटी, एकेक पायरी उतरले. चढायला काहीच त्रास नव्हता! खुर्चीत बसायचं तर अर्ध्यावर मांड्या दगा देत आणि मी धप्पकन आदळत असे. गटावर सल्ल्यांचा पाऊस पडला. हळद-दूध, मिठाच्या पाण्याचा शेक, आणि ‘लॅक्टिक ॲसिड साठलंय, लिंबू सरबत घे म्हणजे धुऊन निघेल’. ॲसिड धुवायला लिंबू कसं चालतं, हे विचारायची सोय नव्हती.

माझी भाची फिजिओथेरपी शिकते. ती रविवारी आली आणि हसतच म्हणाली, “मावशी, स्टुलावर बस बघू. पण अगदी सावकाश. आणि हात इथे ठेव.” तिने माझा तळवा गुडघ्याच्या वाटीच्या वर, मांडीवर दाबून धरला. मी खाली जाऊ लागले तसा हाताखालचा स्नायू दगडासारखा घट्ट होत गेला. गुडघा वाकत होता, म्हणजे मांडीच्या पुढचा स्नायू लांबत होता. लांबतानाही तो ताठ होता, माझं वजन तोलून धरत होता. बूड टेकल्याबरोबर तो सैल पडला. “आता कळलं? खाली येताना पाय मोकळे नसतात. ते ब्रेक लावत असतात.”

मग तिने कागद ओढला. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. गुडघा सरळ करायला पुढचा स्नायू वाटीमार्फत नडगीचं हाड ओढतो, वाकवायला मागचे स्नायू ओढतात. ही ओढ जिथे तयार होते ते एकक म्हणजे सार्कोमियर, लांबी साधारण दोन-अडीच मायक्रोमीटर. असे हजारो एकामागोमाग एक जोडले की एक तंतू होतो. सार्कोमियरमध्ये ॲक्टिनचे बारीक धागे आणि मायोसिनचे जाड धागे एकमेकांत शिरलेले असतात. मज्जातंतूचा निरोप आला की तंतूच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरच्या जागा उघड्या पडतात, आणि मायोसिनची असंख्य डोकी त्या पकडून ओढू लागतात. धागे आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या जोड्यांनी हे मांडलं: अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के, ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सली एकमेकांचे कुणी नव्हेत.

एटीपी हे इंधन लागतं ते पकड सोडायलाही, हे ऐकून मी चमकले. मेल्यावर शरीर ताठतं ते त्यामुळेच. एटीपी संपतं आणि डोकी धरलेली जागा सोडू शकत नाहीत.

विहिरीतून भरलेली घागर ओढताना आपण हातावर हात टाकत दोर खेचतो. चढताना मांडीत तेच चालतं: धर, ओढ, सोड, पुन्हा धर. प्रत्येक फेरीला इंधन. तीच भरली घागर विहिरीत हळूहळू सोडायची झाली तर हात दोर नुसते धरून ठेवतात आणि दोर तळव्यातून ओढला जातो. दम लागत नाही, पण तळवे सोलवटतात. उतरताना मायोसिनची डोकी अशीच जोराने ताणून सोडवली जातात, एटीपी फार खर्च होत नाही. शिवाय लांबणारा स्नायू आखडणाऱ्यापेक्षा जास्त बल पेलतो, त्यामुळे मेंदू कमीच तंतू कामाला लावतो. भार तेवढाच आणि वाटेकरी कमी, म्हणून कमजोर सार्कोमियर जास्त ताणले जाऊन तुटतात. सूज आणि दुखणं हळूहळू वाढत जातं. साधारण २४ ते ७२ तासांत ते सर्वांत जास्त असतं. गटावर गाजलेलं लॅक्टिक ॲसिड, म्हणजे लॅक्टेट, तर श्रम थांबल्यावर तासाभरात बहुतेक निघून जातं. आणि ते दोषी असतं तर धापा टाकत चढल्यावर दुखायला हवं होतं, गप्पा मारत उतरल्यावर नव्हे.

मला सगळ्यात आवडली ती १९५२ सालची सायकलींची गोष्ट. ॲबट, बिगलँड आणि रिची या संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पॅडल पुढे मारायचं, दुसऱ्याने उलट फिरणारं पॅडल अडवायचं. वेग तोच, बल तेच. पण अडवणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन कितीतरी कमी भरला. लंडनच्या रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा लहानखुऱ्या ब्रेंडा बिगलँड अडवायला बसल्या आणि त्यांनी धट्ट्याकट्ट्या पुरुष सहकाऱ्याला बघता बघता दमवलं. सभागृहात तेव्हा काय हशा पिकला असेल!

दुखणं आठवड्याभरात गेलं. भाचीने एकच ताकीद दिली होती: दुखणं असह्य असेल, मांडी फुगली आणि लघवी गडद चहासारखी झाली तर घरगुती उपाय सोडून तडक दवाखाना गाठायचा. तशी वेळ आली नाही. काही आठवड्यांनी आम्ही रामशेज किल्ला केला. तो लहान आहे हे खरं, पण एकदा उतरण सोसलेला स्नायू पुढचे कित्येक आठवडे तुलनेने सुरक्षित राहतो हेही खरं. दुसऱ्या दिवशी मी बँकेचा जिना सरळ तोंडाने उतरले.

तेव्हापासून मी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने जाते आणि जिन्याने खाली येते. आमच्या वॉचमनला ही उलटी गंगा वाटते. तैवानमधला २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास माझ्या बाजूने आहे. त्यात स्थूल ज्येष्ठ महिलांचा एक गट १२ आठवडे जिने फक्त चढला, दुसरा फक्त उतरला. मांडीची ताकद, तोल आणि हाडांची घनता या सगळ्यांत उतरणाऱ्या बायकांची सुधारणा जास्त झाली.

तेव्हा डोंगराची तयारी करणाऱ्यांनी नुसता दम वाढवू नये. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा कठड्याशेजारून, न धावता, सावकाश जिने उतरावेत. सुरुवात दोन मजल्यांपासून करा, आणि पहिल्या आठवड्यात मांड्या भरून आल्या तर लिंबू सरबत तहान भागवायला प्या.