हैदराबाद किती मागे?

संगमनेर तालुक्यातल्या बऱ्याच गावांत दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. त्या सकाळी हजारो खात्यांत एका दमात रक्कम जमा होते, आणि नाशिक-पुणे रस्त्यालगतच्या घरात बसलेल्या प्रस्तुत लेखकाची नजर हैदराबादवर खिळते. सहकारी बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीचे डेटाबेस सांभाळणे हे त्याचे काम. मूळ डेटाबेस नवी मुंबईत, त्याची प्रत हैदराबादेत. मुंबईत पाणी तुंबले तरी व्यवहार थांबू नयेत म्हणून ही सोय. प्रत मुळापेक्षा जितकी मागे, तितका ‘लॅग’.

थोडा लॅग अटळच. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-हैदराबाद सरळ रेषेतही सहाशे किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन किमान ६ मिलिसेकंद. एका खातेदाराला ते जाणवणारही नाही. पण हजारो नोंदी ओळीने टाकताना प्रत्येकीची पोच येईपर्यंत थांबायचे तर काम रेंगाळते. म्हणून मुंबई आधी ‘झाले’ म्हणते, नोंद मागाहून रवाना होते.

पगाराच्या दिवशी लॅग वाढतो तो मात्र अंतरामुळे नव्हे. मुंबईत अनेक नोंदी एकाच वेळी होतात. प्रतीवर, जुन्या रचनेत तरी, एकामागून एक चढतात. लॅगचा आलेख वर जातो, पगार संपला की उतरतो. त्याची कुणाला काळजी नसते.

काळजी शून्याची. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीचा ‘सेकंड्स बिहाइंड सोर्स’ हा लॅगचा आकडा हैदराबादेत पोचलेल्या नोंदींवरूनच निघतो. दोन शहरांमधली लिंक मंदावली आणि नोंदी मुंबईतच अडकल्या, तर हाताशी आलेले सगळे उरकून बसलेली प्रत खुशाल शून्य दाखवते. एका पगाराच्या सकाळी नेमके तेच झाले. शेजारच्या ‘हार्टबीट’ने बिंग फोडले. युक्ती साधी आहे: मुंबईत दर सेकंदाला एका छोट्या टेबलात वेळ लिहायची आणि हैदराबादेत ती कितीची दिसते ते पाहायचे. मुंबईत ९:४० वाजले होते, प्रतीत ९:३३. लिंक पुरवणाऱ्याला फोन गेला, वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळली. (दोन्हीकडची घड्याळे एनटीपीने जुळलेली हवीत, नाहीतर लॅग उणे निघून प्रत भविष्यात गेल्यासारखी दिसते!)

अशा वेळी घाईने प्रतीलाच मुख्य केले तर काय होते, हे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कोड साठवणाऱ्या संकेतस्थळाने अनुभवले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेने पश्चिमेकडे कारभार सोपवला. पूर्वेकडच्या काही सेकंदांच्या नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे तोवर नव्या नोंदी पडू लागल्या. दोन वह्या, दोन हिशेब. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली.

संगमनेरच्या त्या सकाळनंतर हैदराबाद आपोआप मुख्य होणे बंद झाले. आता हार्टबीट मागे पडला की प्रस्तुत लेखकाचा फोन वाजतो. तो बँकेला मिनिटे सांगतो. कारभार हलवायचा की थांबायचे, हे बँक ठरवते.