हळद, आजी आणि बॅड सेक्टर

लग्नाची डीव्हीडी आपल्याकडे भलतीच जपली जाते. म्हणजे बघत कुणीच नाही, पण कपाटात साड्यांखाली ती असतेच! शहापूरच्या माझ्या मामाचीही होती, 2008 सालची. हळद शहापूरला, लग्न मुलीकडे मुरबाडला.

त्यातली माझ्यासाठी मोलाची म्हणजे हळदीची पंधरा मिनिटं. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात धवलारीण धवळे गाते. मामाच्या हळदीला ते आजीने गायले. आजी आता नाही आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. व्हिडिओवाल्याने बाकी सगळ्या लग्नावर हिंदी गाणी चिकटवलेली, फक्त हळदीचा आवाज तसाच राहिलेला. त्याच्याकडच्या मूळ टेपवर केव्हाच दुसऱ्या कुणाचं तरी लग्न चढलं होतं.

आणि प्लेअर नेमका हळदीतच अडकायचा. मामा म्हणाला, "टाकून दे गं, कामातून गेली ती."

पण डिस्क एकदम कामातून जात नाही. सिनेमाच्या विकतच्या डीव्हीडीत खड्डे साच्यातून उठवलेले असतात. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये असतो रंगद्रव्याचा पातळ थर, लेझरने भाजलेला. ऊन, उष्णता, दमटपणा यांनी तो खराब होतो, पण तुकड्यातुकड्याने. प्लेअरला धीर नसतो. एक तुकडा वाचता आला नाही की तो रुसून बसतो. डीडीरेस्क्यू या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला भरपूर धीर आहे. ते आधी सोपं तेवढं उचलतं, मग अवघड जागी परत परत जातं आणि काय राहिलं याची नोंद ठेवतं. त्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेल्याच भागावर पुन्हा प्रयत्न करता येतो. माझ्या ड्राइव्हने हात टेकले, तेव्हा मुरबाडला मामीच्या भावाचा जुना डेस्कटॉप कामी आला. 40 सेकंद सोडून सगळं मिळालं!

मग डीव्हीडीस्टायलरमध्ये नवा मेन्यू, नवे चॅप्टर. मामाचं म्हणणं, "त्या 40 सेकंदांवर एखादं गाणं टाक, कळणारपण नाही."

मामी म्हणाली, "नको. तिथं आई गात होत्या. रिकामंच राहू दे."

राहू दिलं. तिथे आता काळी फ्रेम आहे आणि एक ओळ: इथे आजी गात होती.

तुमच्याही घरी अशी डिस्क असेल, तर ती सारखी लावून बघू नका. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवाला मिळतो. आधी अख्ख्या डिस्कची इमेज काढा, ती हात न लावता जपा आणि कापाकापी तिच्या कॉपीवर करा. एक एमपी4 नातेवाइकांच्या मोबाइलवर जाऊ द्या. आमच्याकडे आजीचे धवळे आता अकरा फोनमध्ये आहेत.