वादळ वळते तेव्हा

आम्ही उधन्याची मंडळी मूळची खानदेशातली. पुराशी ओळख तापीने करून दिली. समुद्राचे भय मात्र परकेच. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ वर सरकू लागले, तशी गल्लीतल्या साऱ्यांची नजर पत्र्यांकडे लागली. वाऱ्याने छप्पर उडेल, उधाणाने तापीचे पाणी तुंबेल, ही धास्ती. पत्रे दोरांनी आवळून आम्ही रात्र जागून काढली. त्याच रात्री वादळ दीव बेटाजवळ किनाऱ्यावर आदळले; वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होता. सकाळी आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आपण वाचलो, पण तिकडच्यांचे काय झाले असेल?” तेव्हापासून वादळ वळल्याची बातमी कानी आली, की ते कोणाच्या दारी वळले, हे मन आधी विचारते.