जवारी राहिली पाहिजे

माझ्या पहिल्या हेडफोनला दयामाया नाही. मी पॉडकास्ट एडिट करते, त्यामुळे ते बरंच आहे. पाहुण्यानं गिळलेला आवंढा, ओठांची चटचट, 'स'ची शिट्टी, सगळं तो उघडं पाडतो. 'स' साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये बोचतो आणि नेमका तोच भाग याच्यात चढा आहे. अडचण काम संपल्यावर सुरू होते. रात्री किशोरीताईंचा भूप लावला, तरी माझा कान श्वास कुठे कापता येईल ते शोधायचा. गाणं ऐकणंच बंद पडत चाललं होतं. म्हणून दुसरा हेडफोन.

उबदार आवाज म्हणजे ढोबळमानानं खालचा भाग किंचित भरलेला, वरचा किंचित मागे. पण उबदार म्हणून हातात दिलेले बरेचसे नुसते घुमणारे निघाले. त्यांच्यात डग्गा गोल वाटतो, सुरुवातीला आवडतोही. मग लक्षात येतं की गवयाच्या तोंडावर गोधडी टाकलीय. माझी कसोटी तानपुरा. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे जवारीचा जो झंकार उठतो, तो वरच्या ओव्हरटोनमध्ये असतो. बोच घालवायच्या नादात वरचं सगळंच दाबलं, तर नुसती तार उरते. दुकानात प्रत्येक हेडफोनवर पाच-पाच मिनिटं तानपुराच ऐकला. विक्रेता कंटाळला.

इक्वलायझर फुकट आहे, असं मित्रानं सुचवलं. खरंय, ६ किलोहर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल खाली आणले की बरंच काम होतं. पण स्लायडर दिसला की मी पुन्हा ऑफिसात. मला हात घालता येणार नाही असं काहीतरी हवं होतं.

शेवटी सेनहायझर एचडी ६५० घेतला. मॉडेल २००३ सालचं. इम्पिडन्स ३०० ओहम, त्यामुळे फोनला थेट जोडला तर आवाज दबलेला येतो; छोटा अ‍ॅम्प वेगळा घ्यावा लागला. वर तो ओपन-बॅक. लोकलमध्ये निरुपयोगी, आणि घरात माझा भूप आईलाही ऐकू जातो. तिची तक्रार नाही.

नवा हेडफोन घेतला की आधी न ऐकलेलं ऐकू येतं, असं सगळे सांगतात. मला कमी ऐकू येतं. श्वास आहे, पण तो पुढे येऊन उभा राहत नाही. तो घेतल्यावर गंधार येतो, आणि हल्ली मी गंधाराची वाट बघते.