शीळ घाल, बॉस!
टोकियोत प्रोजेक्टवर गेलो आणि तीन महिने ऑफिसात जवळजवळ मुकाच होतो. भाषेची बोंब! एका शुक्रवारी सगळ्यांनी कराओकेला ओढलं. माइक हातात आला, घाम फुटला. खिशातून देवनागरीत लिहिलेली चिठ्ठी काढली. क्यू साकामोतोचं 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे 'वर बघत चालू या'. १९६१चं हे गाणं १९६३ साली अमेरिकेत नंबर वन झालं, तेही 'सुकियाकी' या मांसाच्या पदार्थाच्या नावानं! मधे नुसती शीळ आहे. तिथे घर आठवलं, ओठच हलेनात. ती शीळ आमच्या खडूस बॉसनं पुढे नेली. सोमवारी त्यांनीच जेवायला बोलावलं.
तुम्हीही ट्राय करा. जोश हवा असेल, तर ब्लू हार्ट्सचं 'लिंडा लिंडा' घ्या. आवाज फाटला तरी चालतो!