दरीकडे झुकताना

बर्फ दुपारपर्यंत काही विसरत नाही. गुलमर्गच्या गोंडोल्यातून वर जाताना फरची काळपट हिरवी झाडं मागे पडतात, अफरवतचं उघडं पांढरं अंग समोर येतं, आणि खालच्या दाबून सपाट केलेल्या उतारावर सकाळची सगळी हकीकत निळसर सावल्यांत उमटलेली दिसते: कुणाचा धीर कुठे खचला, कोण कुठे श्वास घ्यायला थांबलं, कोण स्वतःला विसरून उतरत गेलं. काही खुणा रुंद, खरवडलेल्या, कडेला बर्फ लोटत गेलेल्या. काही मात्र नुसत्या दोन बारीक रेघा, सरावलेल्या बोटांतून रांगोळी सुटावी तशा, एकमेकींपासूनचं अंतर न मोडता डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे वाहत गेलेल्या. डोंगर एकच. एकाने बर्फ ओरबाडला, दुसऱ्याने तो चिरला.

मला या दुसऱ्या रेघेचं वेड आहे.

स्की आडवी टाकून घसरत वळलं की उताराने दिलेला वेग बर्फ खरवडण्यात जिरतो आणि त्याची किंमत मांड्या मोजतात. स्की कडेवर उभी केली तर ती स्वतःच्या बाकाच्या वाटेने जाते. शेपटी टोकाच्याच चिरेतून निघते, बाजूला काही सांडत नाही. स्कीची टोकं रुंद आणि कंबर निमुळती असते ती यासाठीच. स्लालमच्या, म्हणजे रोवलेल्या खांबांच्या फाटकांतून वळत उतरायच्या शर्यतीच्या स्कीच्या बाजूचा बाक जेमतेम 12-13 मीटर त्रिज्येचा. कठीण बर्फावर ती 60 अंशांवर कलली की वळण जवळजवळ निम्म्या त्रिज्येत मिटतं. पाय फिरवायचा नसतो. कलायचं असतं, भार बाहेरच्या पायावर द्यायचा असतो, आणि मग लाकडाला व धातूला त्यांचं काम करू द्यायचं असतं.

इतकी साधी गोष्ट उमगायला माणसांना शतक लागलं. ऑस्ट्रियातल्या सेंट अँटनला 1907 पासून शिकवणाऱ्या हानेस श्नायडरने नवशिक्याला आधी स्कींची टोकं जुळवून, टाचा फाकवून उतरायला लावलं आणि तिथून पायरीपायरीने जुळ्या स्कींच्या वळणापर्यंत नेलं. 1937 चा जगज्जेता एमिल आले हा फ्रेंच माणूस म्हणाला, टाचा फाकवायच्याच कशाला. सगळं अंग वळणाच्या दिशेने फिरवा, स्की मागोमाग येतील. पन्नाशीच्या दशकात ऑस्ट्रियाच्या श्टेफान क्रुकेनहाउझरने नेमकं उलट शिकवलं: छाती दरीकडेच राहू दे, खाली पाय झुलू देत. दोन देशांच्या शिक्षकांत खांदे कुठे वळावेत यावरून वर्षानुवर्षं वाद रंगला, आणि त्या सगळ्या वादावर हिवाळ्यामागून हिवाळे बर्फ पडत राहिला.

मग स्वीडनच्या एका आडगावातून इंगेमार स्टेनमार्क आला. 1974 ते 1989 या काळात त्याने विश्वचषकाच्या 86 शर्यती जिंकल्या, सगळ्या स्लालम आणि जायंट स्लालमच्या. अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने तो आकडा ओलांडायला 2023 साल उजाडावं लागलं. आजच्या निमुळत्या कमरेच्या स्की नव्वदीच्या दशकातल्या, म्हणजे त्याच्या पायात होत्या त्या लांब आणि जवळजवळ सरळ. तरी जुन्या चित्रफितींत तो उतरतो तेव्हा खांद्यांवर जणू काही घडतच नाही. घोटे, गुडघे, कंबर यांच्यात सगळी धावपळ चाललेली असते आणि वर चेहरा घुमा, शांत, पुढच्या फाटकाच्याही पलीकडे कुठेतरी पाहणारा. घाई त्याच्या अंगात कुठेच सापडत नाही.

वळणात सुंदर काय असतं, तर त्याची मधली जागा. एक वळण संपलेलं असतं, दुसरं सुरू व्हायचं असतं. पायांखालचा दाब विरतो, स्की क्षणभर सपाट होतात, अंग हलकं होतं आणि जग एका अधांतरी, पांढऱ्या, बिनआवाजी पोकळीत लटकतं. याच क्षणी शरीराला स्कींना ओलांडून दरीकडे झेपावावं लागतं, पाणी सांडलं तर ज्या वाटेने ओघळेल त्या वाटेकडे, जिथे पडायची भीती सगळ्यात जास्त तिथेच. भीती माणसाला मागे ओढते, डोंगराच्या कुशीकडे. मागे रेललं की स्कींच्या टोकांवरचा भार उडतो आणि भार नसलेलं टोक कुणाचं ऐकत नाही. गुलमर्गचे शिक्षक दिवसभर ओरडत असतात, ‘आगे झुको, आगे!’ शिकणाऱ्याला तो वेडेपणा वाटतो. वाचवतो मात्र तोच.

घसरणाऱ्या वळणाचा मी तिरस्कार करत नाही. अरुंद घळीत, काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर, समोर अचानक कुणी पडलेलं असताना स्की आडव्या टाकून बर्फ खरवडत थांबता येणं ही विद्याच आहे. श्रेष्ठ शर्यतपटूही कठीण फाटकाआधी थोडं घसरून दिशा साधतात आणि मग कड रोवतात. ओरबाडणं जेव्हा निवड असते, तेव्हा त्यातही डौल येतो. भीतीने केलेलं ओरबाडणं तेवढं थकवतं.

म्हणून उतारावर कधी गेलात, तर वेग आवरायला ब्रेक शोधत बसू नका. वळण अर्धवट सोडू नका. ते पुरतं होऊ द्या, स्की उताराला आडव्या येईपर्यंत, जमल्यास किंचित वर चढेपर्यंत, आणि वेग आपसूक उतरेल. मग पुढच्या वळणासाठी छाती पुन्हा दरीकडे न्या. घाबरत का होईना, पण न्या.